झनकलालभाऊंचा धुरा

मंडळी, कामधंदा सोडून तुम्ही सगळे झनकलालभाऊसाठी आले, बरं वाटलं. मले सभेत बोलता येत नाही. पण बोललो नाही तर झोप लागणार नाही.

भाऊंच्या आन माझ्या शेतातल्या धानाच्या बांध्या लागून. मधात मातीच्या बांधाचा एकच धुरा, त्यावर घाणेरी, बोरी, निरगुडी. चैत्रात आपण काय करतो? धुरा पेटवतो. साफ धुरा म्हणजे खरा शेतकरी, असंच ना? आन भाऊ त्याच झुडपात डोकं घालून बसत. हातात भिंग, खिशात वही. "भाऊ, काऊन बसून राहिले उन्हात?" मी हसून विचारायचो. ते म्हणत, "हळू बोल, सुकराम. कुंभारीण घर बांधून राहिली." कुंभारीण म्हणजे मातीचं मडकं करणारी ती गांधीलमाशी.

चार वर्षांआधी त्यांनी मले हात जोडले. "अंडी आहेत रे, पंधरा दिवस थांब." किड्यांपायी शेती सोडू का मी? दुसऱ्या दिवशी भाऊ सोयऱ्याकडे तिरोड्याले गेले आन मी काडी लावली. घंटाभरात सगळं काळं. भाऊ परतले, राखेजवळ बसले, वही उघडून किड्यांचं एकेक नाव वाचत राहिले. मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाप्पा!

पावसाळ्यात झुडपं पुन्हा फुटली. पुढच्या चैत्रात त्यांनीच हाक मारली, "सुकराम, ये न." गेलो. मोहाचा वास, कोवळं ऊन, झुडपात नुसती गुणगुण. एक ढालकिडा माझ्या बोटावर चढला आन चालतच राहिला. भाऊ हळूहळू नावं सांगत, मी अर्धे डोळे मिटून ऐकत. वाटे, सकाळ अशीच लांबत जावी. मग दर चैत्रात बसलो. रोज ठरवायचो, आज चूक कबूल करतो. रोज उद्यावर टाकायचो. आन गेल्या आठवड्यात भाऊ धुऱ्यावरून आले, खाटेवर पडले, ते उठलेच नाहीत.

काल तुळसावहिनींनी विचारलं, "भावजी, यंदा धुरा जाळता का?" नवरा गेलेल्या बाईले मले हे विचारावं लागलं, मंडळी. हेच जिवाले लागलं.

वहिनी, नाही जाळत. जिवंत आहो तोवर नाही.

आता उभे राहा, मंडळी. दोन मिनिटं शांत राहू. त्याआधी मले एवढं म्हणू द्या.

भाऊ, माझं चुकलं जी.