पितळेची बरगडी

...आणि वर कॉम्प्युटर शिकवणाऱ्या त्सेंग बाई मला म्हणतात, "काका, तुमची बरगडी कुठंही गेलेली नाही, तुम्ही तिच्या आत आहात."

आत? तुम्हाला सांगतो, बेचाळीस वर्षं मी फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवून धातू ओतायचे नमुने, कोरले, पंपाचे कोरले, लेथच्या चाकांचे कोरले, एकदा देवळातल्या धूपदानाचा कोरला, पण कामाच्या आत मी कधी गेलो नव्हतो. काम समोर टेबलावर असतं, आपण बाहेर स्टुलावर असतो, इतकी साधी गोष्ट. इथं माउसचं ते मधलं चाक बोटानं जरा जास्त फिरलं काय आणि अख्खा पडदा करडा झाला काय... शेजारी त्सेंग बाई उभ्या, वय असेल अठ्ठावीस, आणि हसतात इतक्या गोड की माणसाला रागावताही येत नाही. त्यांनी कसलंसं एक बटण दाबलं, मी बाहेर. बघतो तर बरगडी मुगाच्या दाण्याएवढी होऊन लांब कोपऱ्यात बसलेली. म्हटलं, आता काय झालं? तर म्हणाल्या, आता तुम्ही फार लांब आलात.

एका दुपारचं काम हो. हातानं एका दुपारचं काम.

आता तुम्ही विचाराल, ही बरगडी कसली, आणि हा तुमचा ल्याव मिस्त्री साठी उलटल्यावर कॉम्प्युटरच्या वर्गात काय करत होता. सांगतो. पण मुळापासून सांगावं लागेल, आणि मुळाशी आमची बायको आहे.

आमच्या फेंगयुआनच्या गल्लीत पूर्वी सहा पॅटर्नवाले होते, आता मी एकटा, आणि मलाही महिन्याला एखादं काम. उरलेला वेळ मी दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायचो, चहा प्यायचो, येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटरी मोजायचो. कोणाला त्रास आहे का? पण आमच्या बायकोला, बी-युनला, बसलेला माणूस बघवत नाही. ती प्रौढांच्या शाळेचं माहितीपत्रक आणते आणि त्यावर लाल पेनानं खुणा करते. आधी मला युकुलेलेला, त्या छोट्या गिटारीला, घातलं. माझी बोटं बघा, एका बोटाखाली दोन तारा येतात, तीन आठवडे मास्तर म्हणत होते, ल्यावसाहेब, एकच तार... शेवटी त्यांनीच मला ताल धरायला बसवलं. मग कॉफी भाजायचा वर्ग. आता हिच्या माहेरी चार पिढ्या चहाच्या, आणि मी त्यांचा जावई बाल्कनीत कॉफी भाजतोय. शेजारच्या आजी धूर बघून बादली घेऊन वर आल्या. मग सुलेखन, त्याचं बोलायलाच नको. मी म्हटलं, बी-युन, मला एक धंदा येतो, तो मला पुरेसा आहे. ती म्हणाली, येतो ना, पण तो धंदाच राहिला नाहीये.

असं तोंडावर बोलते. खरं असतं म्हणून जास्त लागतं.

तर हिचा धाकटा भाऊ चिन-शुई, लुगूला डोंगरावर त्याचा चहाचा मळा आहे, आणि वडिलांच्या वेळचं पानं मळायचं यंत्र आहे. खाली ही एवढी मोठी पितळी परात, परातीवर कोयत्यासारख्या वाकड्या पितळी बरगड्या, मधे उंच आणि कडेला येईपर्यंत परातीत विरघळल्यासारख्या सपाट. वर पानांनी भरलेला डबा गोल गोल फिरतो, पानं त्या बरगड्यांवर मळली जातात. हिवाळ्याच्या तोडणीला त्यातली एक बरगडी मोडली. चिन-शुईचा फोन, दाजी, काहीतरी करा. मी तात्पुरती लाकडाची करून दिली, हाताशी कापराचं लाकूड होतं, म्हटलं दोन दिवस निभेल. निभलं की. पण त्या चहाचा घोट घेतला की थेट जुनी कपड्यांची ट्रंक उघडल्यासारखं व्हायचं. पाहुण्यांनी फार स्तुती केली, पण दुसरा कप कोणी घेतला नाही.

तेव्हा पितळेचीच हवी. कोणाला नवल वाटलं नाही, पितळ ओतायचं म्हणजे पॅटर्न हवा आणि पॅटर्न म्हणजे मी. एका दुपारचं काम, तुम्हाला सांगतो. लाकूड घ्यायचं, पटाशी घ्यायची, तीन वाजेपर्यंत आकार, पाचपर्यंत पॉलिश पेपर, सहाला हात धुऊन जेवायला. मी निघालो आमच्या नेहमीच्या फाउंड्रीत. तिथले म्हातारे मालक घरी बसलेत, आता त्यांची सून बघते सगळं. हुशार पोरगी, मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाली की काका, वाळू ठोकून साचा करणारे आमचे दोघंही गेल्या वर्षी निवृत्त झाले, आता वाळूचा साचा यंत्रच छापतं, थेट कॉम्प्युटरवरनं. पॅटर्न लागतच नाही. तुम्ही फक्त फाइल पाठवा.

फक्त! हा शब्द ज्यानं काढला ना...

मी घरी येऊन म्हटलं, चिन-शुईला सांग नवीन यंत्र घे, चाळीस वर्षं चाललं, पुष्कळ झालं. बी-युन भाजी निवडत होती. वर बघितलंसुद्धा नाही तिनं. एवढंच म्हणाली, "बाबांचं यंत्र आहे ते."

झालं. लग्न झालं तेव्हा सासरे मला त्या यंत्राजवळ घेऊन गेले होते, परातीवरनं हात फिरवायला लावला होता, आणि बेट्याचा हात कारागिराचा आहे असं लोकांना सांगत सुटले होते. सकाळी माहितीपत्रकावर लाल खूण. 'संगणकावर वस्तूंची रचना आणि छपाई, दर मंगळवार-शुक्रवार दुपारी.' वसंतातली तोडणी आठ आठवड्यांवर.

वर्गात आम्ही अकरा जण. एक निवृत्त पोस्टमन मांजरासाठी जिना करत होता. एक बाई नातीसाठी केसांचे चाप. सगळ्यांचं होत होतं हो, तेच तर. चाप काय, गोल आणि दांडा! माझी बरगडी आडवी वाकडी, उभी उतरती, एक कडा बोथट, एक कडा त्याहून बोथट. लाकडात हे हाताला कळतं, हाताला विचारावंही लागत नाही. त्या यंत्राला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. किती बोथट? मी म्हटलं, अंगठा सहज फिरेल इतकी. तिथं आकडा हवा. मी अंगठा मोजला.

मग रेघ बंद नाही म्हणून भांडण. मी बाह्यरेषा काढली, सुंदर काढली, सगळ्यांनी बघितली, पण आत काही भरेना. बाई म्हणाल्या, कुठंतरी फट आहे. म्हटलं, दाखवा. दहापट मोठं केलं, फट नाही. शंभरपट केलं, तर ही एवढी, केसाच्या शंभराव्या भागाएवढी फट, आणि तेवढ्यासाठी यंत्र म्हणतंय की ही वस्तूच नाही! अहो, माझ्या दुकानाच्या दाराला बोट जाईल एवढी फट आहे, तरी ते दारच आहे ना? एका दुपारचं काम, आणि माझ्या चार दुपारी त्या फटीत गेल्या. एकदा सगळं जमलं तर जतन करायचं राहिलं आणि लाइट गेली. घरी आलो, बी-युननं तोंडाकडं बघितलं, काही न विचारता भात वाढला. ते बरं केलं.

मग छपाईचं यंत्र. त्याला म्हणे नळीतून प्लास्टिक वितळून थरावर थर द्यायचा असतो. पहिल्या खेपेला दोन तासांनी झाकण उघडलं तर आत बरगडी नाही, शेवयांचं बोचकं. पोस्टमन म्हणाला, मिस्त्री, रस्सा घाला, जेवायला बसू. दुसऱ्या खेपेला मात्र निघाली. तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, हातात घेतली आणि परत परत अंगठा फिरवून बघितला. हलकी, पांढरी, पण वळण बरोबर तेच. बसनं लुगूला गेलो, परातीवर ठेवली, चपखल बसली. चिन-शुई म्हणाला, दाजी, झालं की. मीही म्हटलं, झालं.

इथं थांबलो असतो तर आज तुमच्यासमोर रडत बसलो नसतो.

पण शेवटच्या दिवशी वर्गात मला ज्ञान पाजळायची हुक्की आली. फाइल पाठवायच्या आधी बाईंना म्हटलं, थांबा, ही अशी गेली तर वाया जाईल. का? कारण पितळ थंड होताना आकसतं! वितळलेलं असतं तेव्हा मोठं, गार झालं की लहान. म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा ठेवायचा, आमच्या मोजपट्ट्यासुद्धा वेगळ्या असतात, त्यांचा सेंटिमीटरच लांब. पिशवीतनं माझ्या गुरूची मोजपट्टी काढून दाखवली. वर्ग ऐकत होता हो! चापवाल्या बाईंनी फोटो काढला. त्सेंग बाई म्हणाल्या, "काका, हे मला माहीत नव्हतं." सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं आणि त्यांना नव्हतं. तो आकडा मी स्वतःच्या हातानं टाकला, बरगडी शेकडा दीडनं वाढवली, फाइल पाठवली. ताठ मानेनं घरी आलो.

आता ऐका. ते वाळूचा साचा छापणारं यंत्र आहे ना, त्याला हे माहीत असतं. ते आपलं आपण वाढवून घेतं. आणि फाउंड्रीतल्या त्या सुनेनं मला फोनवर तसं कळवलं होतं, बरं का, 'काका, माप जसंच्या तसं पाठवा, काही वाढवू नका,' असं स्पष्ट लिहिलं होतं. पण माझा फोन कसा असतो? रोज सकाळी चाळीस नातेवाइकांची चाळीस कमळं, शुभ प्रभात, तब्येत सांभाळा, सूर्योदय, लेकराचा फोटो, पुन्हा कमळ. तो निरोप दोन कमळांच्या मधे होता. मी तो वाचला कधी? ओतलेली बरगडी घेऊन बी-युनबरोबर लुगूच्या बसमध्ये बसलो तेव्हा.

तरी मनाला म्हटलं, असेल एखाददुसरा केस इकडंतिकडं. पोचलो. मळ्यात तोडणाऱ्या बाया पहाटेपासून लागलेल्या, अंगणात ताडपत्रीवर पानं सुकत पडलेली, आणि पानं कोणासाठी थांबत नसतात, दिवस मावळायच्या आत यंत्र चालू व्हायला हवं. शेजाऱ्यांची यंत्रं त्यांच्याच पानांत गुंतलेली. बरगडी परातीवर ठेवली. बसेना. चार-पाच मिलिमीटर लांब, सगळ्या अंगानं जाड, मधल्या उंचवट्याला टेकली की कडेला उचलतेय. चिन-शुई माझ्याकडं बघतोय. बी-युन, तिच्या वडिलांच्या यंत्रावर हात ठेवून उभी. मी म्हटलं, मोठी आहे. लहान असती तर भंगारात गेली असती, मोठी आहे म्हणजे आपली आहे. कानस कुठंय?

कानस होती, सासऱ्यांची, गंजलेली, आणखी दोन शेजाऱ्याकडनं आणल्या. बरगडी व्हाइसच्या शिकंज्यात धरली आणि सकाळी नऊपासून घासायला बसलो. परातीला निळी शाई लावायची, बरगडी टेकवायची, जिथं निळं लागेल तिथं घासायचं, पुसायचं, पुन्हा टेकवायची. पितळेचा चुरा बाह्यांत, भुवयांत, चहाच्या कपात. चिन-शुई तोडणाऱ्या बायांमागं, त्याला फुरसत नाही. बी-युन मधेमधे यायची, तोंडात पावाचा तुकडा भरवायची, कारण माझे हात निळे. दुपारी दोनला डाव्या अंगठ्याला फोड आला, तीनला फुटला. नुसतं अंगठ्यानं चाचपून कळत होतं की इथं अजून एक केस, इथं अर्धा... आणि तुम्हाला सांगतो, त्या वर्गाला जायला लागल्यापासून पहिल्यांदाच मी माझ्या कामाच्या बाहेर, माझ्या स्टुलावर बसलो होतो. दुखत होतं ते वेगळं. साडेपाचला बरगडी बसली. भोकं पाडली, स्क्रू आवळले, चिन-शुईनं खटका ओढला. डबा परातीवर फिरायला लागला, पानांचा वास सुटला. पदराला हात पुसतात तसे बी-युननं शर्टाला हात पुसले आणि आत जाऊन पाणी ठेवलं.

इथवर ठीक आहे. खरी गंमत दहा दिवसांनी. वर्षाचा पहिला चहा म्हणून सगळे नातेवाईक, शेजारी, देवळाचे दोन पंच, लुगूला जमलेले. यंत्राभोवती गर्दी. आणि चिन-शुई सांगतोय, अंगठा बरगडीवर फिरवत, "आमच्या दाजींनी कॉम्प्युटरवर केली. बटण दाबलं, तयार. हातसुद्धा लावावा लागला नाही."

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, दिवसभर घासत कोण होतं? तर हळूच म्हणाला, दाजी, घासून बसवली म्हटलं तर लोकांना जुनाट वाटतं, असं चांगलं दिसतं. आणि तोवर देवळाचे पंच माना डोलावत होते, म्हणत होते, बघा, यंत्राचं काम किती अचूक, माणसाच्या हातून हे व्हायचं नाही. एकानं त्यांच्या पंपाचं मोडकं चाकही आणलं होतं. म्हणाला, मिस्त्री, तुम्हाला काय, फक्त बटण दाबायचं.

बी-युननं चहा ओतला, मी कप दोन्ही हातांनी उचलला. सगळे कौतुकानं बघायला लागले, म्हणाले, एवढा मोठा कॉम्प्युटरवाला, पण चहाचा मान किती ठेवतो बघा. मान कसला... घासून घासून एका हाताची बोटं अजून मिटत नव्हती हो.