गाडीले ऊन लागलं

जुनी गाडी कोणाले देऊ नका रे बाप्पा! उन्हाळ्यात माह्या सासऱ्यानं बुलेट मांगितली, नेर गावाले जाऊन येतो म्हणे. माह्या बाबांच्या वेळची गाडी. नाई कसं म्हणावं? हात जोडून सांगतलं, “मामाजी, हे इंजिन हवेनंच थंड होते. लई तापलं का सावलीत उभी करा, हवा लागू द्या.”

“मले कायले शिकवता जावईबापू? ऊन काय असते थे मले समजते!”

दुपारी त्याहिचा फोन, “गाडी जाम झाली.”

दुसऱ्याच्या गाडीवर बसून धावत गेलो. पाह्यतो त काय, इंजिनाले पोतं गुंडाळलं, वरून सुतळीनं आवळलं, जसा काही पाण्याचा माठ! ओलं केलेलं पोतं केव्हाच वाळून करपलं होतं. हवा जाईन कुठून? पिस्टन आतल्या आत चिकटला.

मामाजीनं खिशात हात घातला, ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा काढला, अन् गाडीकडे पाहून हळहळले, “चुकलंच जावईबापू. पोतं बांधलं, पण गाडीले कांदा बांधाचा राह्यला.”