उघाडीची फळी

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर बेलापूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. एक खाडीकाठच्या गावची, दुसरी करंजाड्याची.

"जमुने, तुमच्या तळ्यातली जलपर्नी गेली म्हनं?"

"साफ गेली, धोंडूबाय."

"औषध मारलं?"

"छ्या! आदी हातानं ओढून काढली सगळ्या गावानं. पंधरा दिसांत तळं परत हिरवं. कुना मडमेनं शोभेला आनली म्हनं परदेशातनं. जांभळी फुलं बघून कोन म्हनंल, ही अवदसा हाय?"

"मंग?"

"मंग खाडीच्या बांधाला दार हाय ना, त्या उघाडीची फळीच काढली. पुनवेच्या उधानाला खाडीचं पानी सरळ तळ्यात. गोड्या पान्यातली ती, खाऱ्यात काय तग धरनार? पिवळी पडली, काळी पडली, बसली तळाशी. वर जिताडे मासेबी शिरले आत!"

"आमच्याबी तळ्यात हाय ती. आमीबी काढतो फळी मंग."

"खुळी का काय? तुमची भातं हायेत अजून. खारं शिरलं तर दाना उगवनार नाय."

"आन तुमची भातं?"

"आमची जमीन सरकारनं घेतली. शेतात त्यांच्या खुंट्या हायेत आता."

"तरी तुझा सासरा गप कसा बसला गं? जल्मभर ती उघाडी राखली त्यानं. भर पावसात जाऊन फळी चाचपायचा."

"व्हय. खाऱ्याचा थेंब आत येऊ दिला नाय कदी."

"मंग फळी काढली कोनी?"

"त्यांनीच. दुसऱ्या कोनाला हात लावू दिला नाय."