पान दोनशे बारा

सुमती : बावीस वर्षांनी माहीमचा हा जिना चढलास, अच्युतदादा, आणि आल्या आल्या पुस्तक? पाणी तरी पी.

अच्युत : पाणी नंतर. दुसरा खंड आहे ना? की रद्दीत घातलास?

सुमती : आजोबांची सही असलेलं पुस्तक रद्दीत घालीन मी? फणसवाडीचं घर वाटलं तेव्हा तुझ्या बाबांनी पहिला खंड उचलला, माझ्या बाबांनी दुसरा. साऱ्या गिरणगावाची एकजूट केली आजोबांनी, आणि त्यांच्या पोरांना एक पुस्तक अख्खं ठेवता आलं नाही.

अच्युत : ते राहू दे आता. रविवारी दादरच्या वाचनालयात प्रदर्शन आहे, जुन्या कामगार पुढाऱ्यांच्या संग्रहातल्या पुस्तकांचं. आपल्या आजोबांचं मधोमध, काचेच्या पेटीत.

सुमती : माहीत आहे. पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलीच. थांब, वाचून दाखवते. ‘भोंगा वाजला की माणूस गिरणीत जातो, पण सगळा जात नाही, थोडा घरी उरतो. त्या उरलेल्यासाठी भांडायचं. दिनकररावांनी रेघ मारलेलं वाक्य, खंड दुसरा, पान दोनशे बारा.’ दुसरा खंड तर माझ्या कपाटात. तू कधी वाचलास?

अच्युत : लहानपणी.

सुमती : दादा.

अच्युत : बरं, नाही वाचला. मे महिन्यात परळला भाषण होतं. लोक चुळबुळ करायला लागले. म्हटलं, आजोबांनी या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. कुणीतरी विचारलं, कितवं पान? तोंडाला आलं ते सांगून टाकलं.

सुमती : माझ्याशी बोलणं बंद, म्हणून निर्धास्त!

अच्युत : अगदी. आता वाचनालयातली ती ऋग्वेदा म्हणते, पेटीत तेच पान उघडून ठेवू. सुमे, अब्रू तुझ्या हातात आहे. मी पेन्सिल आणलीय.

सुमती : शंभर वर्षांच्या पुस्तकात रेघ मारणार?

अच्युत : बारीकशी. पुस्तक इंग्रजी आहे, भाषांतर जरा स्वैर झालं म्हणून सांगू.

(सुमती आतून पुस्तक आणते.)

सुमती : घे. मार रेघ.

अच्युत : हे उघडत का नाही?

सुमती : पानं जोडलेलीच आहेत. पूर्वी अशीच यायची, वाचणाऱ्याने कापत कापत वाचायचं.

अच्युत : म्हणजे आजोबांनी...

सुमती : सही केली आणि ठेवून दिलं.

अच्युत : पहिला वाचलाय हं! चहाचे डाग आहेत त्यावर. दुसऱ्याला वेळ कुठे होता त्यांना? सकाळी गिरणीच्या दारात सभा, दुपारी काउन्सिल... पण मग छानच झालं की! बंद पान कोण उघडणार?

सुमती : मी. ती लोण्याची सुरी दे इकडे.

अच्युत : अगं, नको!

सुमती : दोनशे आठ... दहा... हं, बारा. वाच.

अच्युत : ‘कोष्टक. लँकेशायरमधल्या गिरण्या... दर शंभर कामगारांमागे... संडास.’

सुमती : कुठल्या आकड्याखाली मारतोस रेघ?

अच्युत : हसू नकोस गं.

सुमती : पाणी आलं डोळ्यांतून! पण वाक्य चांगलं आहे रे. तुझं नाही ते.

अच्युत : एवढी खात्री?

सुमती : तुझी भाषणं ऐकलीयत मी.

अच्युत : मनूकाकांचं आहे.

सुमती : बाबांचं?

अच्युत : आठ वर्षांचा होतो मी. घरभर विचारत सुटलो, आजोबा काय करायचे. आई म्हणाली, भाषणं. बाबा म्हणाले, तुरुंगात जायचे. काका दाढी करत होते. आरशातून माझ्याकडे बघत हे बोलले आणि पुन्हा गालाला साबण लावायला लागले.

सुमती : मला कधी असं काही बोलले नाहीत.

अच्युत : तू विचारलं नसशील.

सुमती : मग त्यांचंच नाव सांगायचंस की!

अच्युत : लोक म्हणाले असते, हे कोण? आणि... काका गेले तेव्हा मी आलो नाही, सुमे. वाटणीचा राग धरून घरी बसलो. कुठल्या तोंडाने नाव घेणार होतो त्यांचं?

सुमती : फोन लाव त्या मुलीला.

अच्युत : आत्ता?

सुमती : स्पीकरवर.

ऋग्वेदा : हां काका, बोला! मिळालं पुस्तक?

अच्युत : मिळालं. पण ते वाक्य त्यात नाही. आजोबांनी तो खंड उघडलाच नव्हता. थाप मारली मी, बाळ.

ऋग्वेदा : अरे देवा! काका, बॅनर प्रिंटला चाललाय!

अच्युत : काढून टाक ते वाक्य.

ऋग्वेदा : काढू कशाला? सगळ्यांना तेच आवडलंय. खरं कोणाचं आहे सांगा, नाव बदलते.

सुमती : मी सांगते. त्यांची चुलत बहीण बोलतेय. लिहून घे, मनोहर दिनकर वेलकर.

ऋग्वेदा : ओके. हेपण लीडर होते का? नावाखाली काय टाकू, विचारवंत?

सुमती : नको गं. पोस्टात सॉर्टर होते. तेच लिही.