तीन कॉम्प्युटर, एक माऊस आन् मी

...नाही, तुम्हीच सांगा मले, तीन कॉम्प्युटर घेतले त पडदे बी तीन घ्यायले काय झालं होतं? पण नाही. वाडीतल्या आमच्या गोदामाच्या गेटवर टेबलाखाली डब्बे तीन, आन् वर पडदा एक, कीबोर्ड एक, माऊस एक. एका डब्ब्यात गेटचा कॅमेरा, दुसऱ्यात ट्रक तोलायच्या धरमकाट्याचं वजन, तिसऱ्यात बिल्टी, म्हणजे ट्रकातल्या मालाची पावती. मधात छोटीशी पेटी, साऱ्यायच्या वायरी तिच्यात. लावणारा जितेंद्र म्हणे, "काही नाही काका, स्क्रोल लॉक दोनदा दाबा, पडद्यावर मेनू येते. पाह्यजे तो कॉम्प्युटर निवडा, एंटर मारा." आता तुम्हाले सांगतो, ते स्क्रोल लॉकचं बटण... कीबोर्ड जन्मल्यापासून त्याले कोणी बोट लावलं नसन. बिचारं कोपऱ्यात उभं. माह्यासारखंच.

त्यात शेठ आले. म्हणे, "चंपतराव, सोमवारी पुण्याच्या कंपनीचे साहेब गोदाम पाहायले येऊन राहिले. त्यांच्यासमोर हे जमलं त गेटवर तुम्हीच. नाही जमलं त मंगळवारपासून घरी आराम करा." घरी येऊन सांगितलं, त आमची गोपिका म्हणते, "मंगळवारी नका बसू बाप्पा घरी, मी पापड टाकून राहिली." पाहा, माह्या नोकरीची काळजी माह्यापेक्षा तिलेच.

बरं, दोनदा दाबलं, मेनू आला. त्यात काय? पीसी वन, पीसी टू, पीसी थ्री. आता कोणता कोण, कसं समजावं माणसानं? ट्रक काट्यावर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला, मी वजन पाहायले जातो त कॅमेऱ्यात कुत्रं अंग खाजवून राहिलं. जितेंद्रले फोन लावला. "काका, दोनदा दाबा." अरे दाबलं गा, पण हे नावं? "त मेनूतच नाव बदलता येते ना काका. तुम्हाले आठवन असं काही बी टाका."

हे त्यानं मले सांगायले नको होतं.

आपली शाळा सातवीत सुटली, पण तेवढं इंग्रजी येते. कॅमेऱ्याले नाव देलं गोपिका, तिच्यापासून काही लपत नाही. धरमकाट्याले देलं जावई, जराशी धूळ बसली का रुसते, पुसल्याबिगर बोलत नाही. आन् बिल्टीवाला? तो गरगर गरगर फिरते, मंग अडकते, मंग वापस विचारते काय पाह्यजे म्हणून... त्याले देलं शेठ. झालं ना पाठ. ट्रक आला का दोनदा दाबा, गोपिकेनं पाहिलं, जावयानं तोललं, शेठनं बिल्टी काढली, चला निघा पुढे.

सोमवारी साहेब आले. त्यांच्यासाठी शेठनं भिंतीवर खाटेएवढा टीव्ही लावला, आन् जितेंद्रनं त्याची वायर खुपसली त्याच पेटीत. म्हणजे माह्या पडद्यावर जे, तेच भिंतीवर. हे मले कोणी सांगितलं? ट्रक आला, मी आपलं दोनदा दाबलं... भिंतीवर हे मोठाले अक्षरं. गोपिका. जावई. शेठ.

साहेब भिंतीकडे पाहून राहिले, शेठ माह्याकडे पाहून राहिले, मी कीबोर्डाकडे. गोपिका झाली, जावई झाला, शेठवर एंटर मारला, आन् तो अडकला. साहेब विचारतात, "आजोबा, हे शेठ काय करतायत?" तोंडातून निघून गेलं, "साहेब, वेळ लावते, पण काम करते. फक्त मांगून एक थापड द्या लागते." देली. निघाली ना बिल्टी.

साहेब इतके हसले का चहा शर्टावर. म्हणे, "आमच्या ऑफिसात माझं नाव कोणत्या डब्ब्याला पडलं असतं कोण जाणे. माल इथेच ठेवू शेठ."

शेठ हसले... साहेब होते तोवर. पण नोकरी राहिली, पापड बी वाचले.

मंगळवारी येतो, दोनदा दाबतो, त मेनूत चौथं नाव. चंपतराव. टेबलाखाली पाहिलं त गोदामातला सगळ्यात जुना डब्बा आणून जोडला होता शेठनं. उघडून पाहिलं, आत काही नाही, नुसता पंखा घरघर करून राहिला. म्हटलं, "शेठ, काही कामाचा नाही त ठेवला काहून?"

म्हणे, "राहू द्या. आवाज बंद झाला का गेट सुनं वाटते."

तवापासून सकाळी आलो का पयले त्यालेच चालू करतो.