मामाशी बोलणारी मुलगी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आपल्या प्राचार्याबाई, रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, माझे सहकारी, वॉर्डातली पाळी कुणाच्या तरी गळ्यात घालून इथे पोहोचलेल्या परिचारिका भगिनींनो, पालकहो, आणि मागच्या रांगेत बसून माझं भाषण किती लांबेल याचा अंदाज घेणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींनो,

आपली एक मुलगी उद्या सैन्याच्या नर्सिंग सेवेत रुजू व्हायला निघते आहे. निरोपाच्या भाषणात डोळे पुसण्याची पद्धत आहे, मला ती जमत नाही. मी आज खूश आहे आणि थोडी रागावलेलीही आहे. रागाचं आधी सांगून टाकते.

युद्धांचा इतिहास मी आयुष्यभर वाचत आले. सेनापती सापडतात, त्यांच्या तलवारी सापडतात, अहो, त्यांच्या घोड्यांची नावंसुद्धा सापडतात. पण त्यांच्या सैनिकाची चिघळलेली जखम जिने रोज धुतली, तिचं नाव काय? फार तर तळाशी एक ओळ असते, ‘परिचारिकांनीही मोलाची सेवा केली.’ आम्हाला देवी म्हणतात, माउली म्हणतात. हुद्दा काय देता असं विचारलं की मात्र सगळे घड्याळाकडे बघतात. अधीक्षक साहेब, मी तुमच्याबद्दल बोलत नाही. अजून तरी.

म्हणूनच गेल्या वर्षी, शेवटच्या वर्षाचे वर्ग चालू असताना, ही मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली, “मॅडम, मी सैन्यात अर्ज करतेय. तिथे नर्स अधिकारी असते,” तेव्हा मला फार बरं वाटलं. मैत्रिणी म्हणत होत्या, “आधी पास तर हो.” प्राचार्याबाईंनी विचारलं, “आणि अंतिम परीक्षा?” ही म्हणाली, “दोन्ही देते.” बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि परवानगी दिली. बाई, त्याबद्दल आज सर्वांसमोर तुमचे आभार मानते.

अडलं ते घरी. हिचे वडील गाड्या दुरुस्त करतात. मी गॅरेजमध्ये गेले तेव्हा ते एका ट्रकखाली होते, मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. बोलणं बुटांशीच सुरू झालं.

“मॅडम, पोरीला दवाखान्यासाठी शिकवली. लढाईसाठी नाही.”

“लढायला कोण पाठवतंय? पडलेल्यांना उभं करायला जातेय ती.”

“पडायला इथे काय कमी माणसं आहेत? या रस्त्यावर रोज पडतात.”

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, “इथे तिला ‘ए सिस्टर’ म्हणून हाक मारतील. तिथे तिला सलाम करतील.”

ट्रकखाली पान्याचा आवाज थांबला. “पुरुषसुद्धा?”

“पुरुषसुद्धा.”

मग ते बाहेर आले. हात पुसत म्हणाले, “आणि मला?”

“तुम्हाला नाही.”

“मग बघू, तिची आई काय म्हणते ते.”

“त्या कालच हो म्हणाल्या.”

“वा. म्हणजे मला नुसतं कळवायला आलात.” हसले, पण अट घातली. “एकदाच. तिथे नाही झालं, तर इथल्या रुग्णालयात मुकाट्याने लागायचं. पुन्हा अर्ज नाही.”

तेव्हा मंडळी, या मुलीच्या हाती एकच संधी होती. लेखी परीक्षा ती उत्तम गुणांनी पास झाली आणि निवड मंडळापुढे उभी राहिली. तिथे काय घडलं, ते तिच्याकडूनच ऐकलेलं सांगते. बॅचमध्ये तिला ‘रेडिओ’ म्हणतात, पण या रेडिओवर खोटी बातमी लागत नाही.

त्याआधी पाहुण्यांसाठी एक खुलासा. आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक रबरी पुतळा आहे. सगळ्या मुली त्याला मामा म्हणतात. छातीवर चिकटपट्ट्या, एक कान झिजलेला, आणि इतक्या सुया खाऊनही कधी तक्रार नाही. आमच्याकडे शिस्त अशी, की मामाला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. “मामा, आता कुशीवर वळवते हं.” “मामा, थोडं दुखेल.” बेशुद्ध माणसाला ऐकू येत असणार, असंच धरून चालायचं. पुतळ्याशी बोलायची सवय झाली नाही, तर माणसाशीही बोलणं सुटतं.

मंडळापुढे स्ट्रेचरवर तसाच एक पुतळा होता. आज्ञा झाली, मांडीला जखम आहे, रक्त थांबवा, पट्टी बांधा. ही गुडघ्यावर बसली आणि सवयीने बोलून गेली, “मामा, मी आलेय. पायावर जोरात दाबणार आहे, घाबरू नका.”

मंडळातले एक अधिकारी खो खो हसले. दुसरे म्हणाले, “इथे गप्पा मारायला वेळ असतो का?”

हिचे कान तापले, पण हात चालूच होते. म्हणाली, “सर, बोलल्यामुळे हात थांबले असतील तर सांगा.”

मंडळाच्या अध्यक्ष एक ज्येष्ठ बाई होत्या. स्वतः सैन्यात नर्स म्हणून सुरुवात केलेल्या, खांदे हुद्द्याच्या चिन्हांनी भरलेले. त्या उठल्या, पुतळा बाजूला करवला आणि गणवेशासकट स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. डोळे मिटले. “आता मला बांध.”

आणि मंडळी, आमचा रेडिओ बंद पडला. एवढ्या मोठ्या बाईंच्या पायाला हात लावायचा कसा? पट्टी हातात तशीच. रबराशी बोलणारी मुलगी हुद्द्यापुढे मुकी झाली. सगळं तिथेच संपत होतं.

बाई डोळे न उघडता म्हणाल्या, “का गं? मी तुझ्या मामापेक्षाही परकी?”

हिच्या तोंडून पटकन निघालं, “नाही मावशी.”

आता मागे फिरणं नव्हतंच. ही पुढे बोलत राहिली, “मावशी, मी तुमचा उजवा पाय उचलतेय. घट्ट लागेल, पण सैल बांधली तर रक्त थांबणार नाही.” आणि शेवटच्या गाठीपर्यंत बोलत बोलत तिने पट्टी पुरी केली. बाई उठून बसल्या, गाठ तपासली, आणि हसणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “मी खूप वर्षांपूर्वी अशीच पडले होते, शुद्ध हरपल्यासारखी. सगळं ऐकू येत होतं. माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.”

निवड झाली. अंतिम परीक्षाही ती पास झाली. यश म्हणून हे टाळ्यांना पात्र आहेच. पण मला यातून काय दिसतं ते ऐका. हुद्दा मिळायलाच हवा, त्यासाठी मी भांडत आले आणि भांडत राहीन. मात्र स्ट्रेचरवर आडवं पडलेल्याला हुद्दा नसतो, आणि त्याच्याशेजारी बसलेलीलाही त्या घटकेला नसतो. ज्या मुलीला हे दोन्ही एकदम कळतं, तिलाच सलाम घेण्याचा अधिकार आहे.

आता शेवटचं. मघाशी सभागृहाच्या जिन्यात हिच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. सलामाचं नाही, लढाईचंही नाही, भलतंच विचारलं. “मॅडम, ही घरात घटकाभर गप्प बसत नाही. तिकडे ना आई, ना मी. बोलेल कुणाशी?” विचारताना ते जिन्याच्या कठड्याकडे बघत होते. उत्तर मी राखून ठेवलं. इथे, सर्वांसमोर देते.

दादा, ज्यांच्याशी बोलायला दुसरं कुणीही उरलेलं नसेल, त्यांच्याशी ती बोलेल. कुणाच्या तरी मुलाला, त्याचे आईवडील दूर असताना, शेवटी कानावर पडणारा घरच्यासारखा आवाज तुमच्या मुलीचा असेल. आणि पुष्कळदा तो शेवटचा ठरणार नाही, कारण तिची गाठ घट्ट असते.

पोरी, जा. आणि बोलत राहा.

अध्यक्ष महोदय, मला दिलेला वेळ मी केव्हाच ओलांडला, तरी तुम्ही चिठ्ठी पाठवली नाहीत, त्याबद्दल ऋणी आहे. आयोजक विद्यार्थिनींचे, पालकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर शिकवणाऱ्या बाईची सवय समजून पोटात घाला. अधीक्षक साहेब, तुम्ही विशेष करून. नमस्कार.