डाव्या दिव्याची चीर

सन्माननीय अध्यक्षा आणि वेराबिन कौन्सिलच्या प्रमुख श्रीमती थेल्मा ड्युवाल, व्यासपीठावरचे रेव्हरंड लिंडक्विस्ट, आजचे सत्कारमूर्ती श्री. आयव्हर ट्रेगोवन, आणि ऐन लोकर-कातरणीच्या हंगामात कामं टाकून इथे जमलेल्या बंधू-भगिनींनो,

दवाखान्याच्या वतीने चार शब्द बोलण्याचा मान मला दिलात, त्याबद्दल आभारी आहे. सत्तावीस वर्षं मी इथे नर्स होते, हे बहुतेकांना माझ्या इंजेक्शनांमुळे ठाऊक आहेच. सत्कारमूर्तींचा उल्लेख अहो-जाहो करूनच करायला हवा, पण आयव्हरला मी जन्मभर अरे-तुरे करत आले. आज जीभ वळणार नाही. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

कौन्सिलच्या वर्कशॉपमध्ये आयव्हरने एकतीस वर्षं काढली. रस्ते सपाट करणारा ग्रेडर, कचऱ्याची गाडी, शाळेची बस, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. मला मात्र आज एकाच गाडीविषयी बोलायचं आहे.

नऊ वर्षांपूर्वी दवाखान्याला नवी गाडी आली. तिचे दिवे पाहून आपण सगळे हरखलो होतो. एवढा पांढरा, लांबवर जाणारा उजेड या गावाने पाहिला नव्हता. आयव्हर तेवढा खूश नव्हता. म्हणायचा, पूर्वी दगड लागला तर काच फुटायची, आपण काच बदलायचो, बल्ब बदलायचो, विषय संपला. या दिव्यावर काच नाही, प्लास्टिक आहे. आतलं सगळं एकसंध बंद. काही झालं की अख्खा दिवाच बदलायचा.

तीन आठवड्यांत मिलार्काच्या मेंढी-फार्मकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली. डाव्या दिव्यावर तांदळाच्या दाण्याएवढी खपली निघाली. मला तर ती दिसलीही नाही. आयव्हरने माझं बोट धरून त्यावरून फिरवलं आणि म्हणाला, "लागली ना नखाला? मोठं भोक पडलं असतं तर बरं झालं असतं, कुणीही थांबलं असतं. ही चीर आत पाणी ओढणार."

त्याने खपली साफ केली, पारदर्शक चिकट रसायन भरलं, वर्कशॉपमधल्या दिव्याखाली धरून सुकवलं. पण हे तात्पुरतं आहे, असं त्याने मला तीनदा बजावलं. नवा दिवा ॲडलेडहून यायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर गाडी फक्त दिवसाउजेडी चालवायची. स्टिअरिंगला त्याने लाल पट्टी बांधली आणि तिच्यावर तसं लिहिलं. आजारपण घड्याळ बघून येत नाही, असं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "बाई, बैलही घड्याळ बघून रस्त्यावर येत नाही."

आठवडा गेला. एका दुपारी मिलार्काहून निरोप आला. तिथल्या स्वयंपाकीणबाईंना श्वास घेता येत नव्हता. डॉक्टरांचं विमान निघालं होतं, पण ते पोचेपर्यंत ऑक्सिजन हवा होता. मला दवाखाना सोडता येत नव्हता, म्हणून ऑक्सिजन घेऊन गाडी न्यायला स्वयंसेवक क्लेम हार्कस यायचा होता. आणि मी... मंडळी, इथे मला जरा पाणी लागेल.

क्लेम यायच्या आधी मी ती लाल पट्टी सोडून टेबलाच्या खणात टाकली. वाटलं, हा नियमाचा माणूस, पट्टी पाहील, आयव्हरला शोधत बसेल, वेळ जाईल. अंधार पडायच्या आत परतेलच की. त्याला मी एका शब्दाने सांगितलं नाही.

स्वयंपाकीणबाई वाचल्या. विमानाने त्यांना नेलं. तिकडे पाऊस झाला होता. परतताना ओढा ओलांडावा लागला, क्लेमला उशीर झाला. पट्टी पाहिली असती तर तो मिलार्कालाच मुक्काम करून सकाळी निघाला असता. तो निघाला. दिवेलागणीला डावा दिवा आतून धुरकटला आणि विझला. बैल डाव्या बाजूला उभा होता. क्लेमचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. या जिल्ह्यातला सगळ्यात चपळ कातरणारा माणूस त्या दिवसानंतर एकाही मेंढीला हात लावू शकला नाही.

चौकशी याच सभागृहात झाली. चौकशीच्या साहेबांनी आयव्हरला विचारलं, पट्टी बांधली होती का? आयव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातांकडे पाहत राहिले. पट्टी तर मी आदल्याच दिवशी शेगडीत घातली होती. तो म्हणाला, "राहिली असेल बांधायची."

त्याचं मुख्य मेकॅनिकचं पद गेलं. ज्यांना त्याने स्वतः शिकवलं त्यांच्या हाताखाली त्याने नऊ वर्षं काम केलं. मी एकदाच त्याच्याकडे गेले, विचारलं, का केलंस असं? गाडीखालून बाहेरही न येता तो म्हणाला, "गावाला दुसरा मेकॅनिक मिळेल, हेस्टर. दोनशे किलोमीटरमध्ये दुसरी नर्स नाही. जा, लोक खोळंबले असतील." आणि मी गेले. मला तेच ऐकायचं होतं.

त्यानंतरच्या शनिवारपासून त्याने काय आरंभलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. गावातल्या प्रत्येक गाडीच्या दिव्यांवर जाड पारदर्शक फिल्म चढवायची, जुनी खरवडली की काढून नवी लावायची. कुणी म्हणालं, एवढीशी तर खपली आहे, तर तो वाद घालत नसे. त्या माणसाचं बोट धरून खपलीवरून फिरवायचा. लोक पाठीमागे म्हणत, प्रायश्चित्त करतोय. मीही ते ऐकलं आणि ऐकून गप्प बसले.

काल दुपारी मी क्लेमच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. किटली उकळून उकळून आपोआप बंद झाली. मग तो म्हणाला, "नऊ वर्षं मी त्याला रस्त्यात पाहून फुटपाथ बदलला." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने डावा हात वर करून मला थांबवलं. "तुझं नंतर बघू. उद्या किती वाजता आहे?"

तो आलेला आहे. मी बोलायला उठले तेव्हा तो मागच्या दाराशी उभा होता. आत्ता तो आयव्हरच्या शेजारी येऊन बसलाय, ते तुम्हाला दिसतंच आहे. आयव्हर, मान खाली घालू नकोस, त्याच्याशी बोल. माझं भाषण तू नाही ऐकलंस तरी चालेल.

अध्यक्ष महोदया, झाल्या प्रकाराची सहीनिशी लेखी हकीकत मी तुमच्यासमोर ठेवली आहे. कौन्सिलच्या दप्तरात आयव्हरच्या नावापुढे जे लिहिलं आहे ते खोडावं आणि तिथे माझं नाव लिहावं. मग माझं जे काही व्हायचं ते होवो.

चहा आणि लॅमिंग्टन केकची व्यवस्था करणाऱ्या महिला मंडळाचे, आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमी-अधिक झालं असेल तर पोटात घाला. पण जे मी नऊ वर्षं बोलले नाही, ते आज एवढ्यावर पोटात घालू नका. त्याची माफी द्यायची की नाही ते त्या दोघांना ठरवू द्या, आणि त्यांना घाई करू नका.